धरणाच्या वरची माणसे

धाम नदीचा जवळजवळ सगळा प्रवास वर्धा जिल्ह्यातच उरकतो. कारंजा-आर्वीच्या डोंगराळ पट्ट्यात ती उगम पावते, आर्वी तालुक्यात महाकाळीला धरणात अडते, येळाकेळी आणि पवनारवरून पुढे जाऊन वणा नदीला मिळते. नदी लहान आहे, पण तिच्यावरचा भार मोठा आहे. वर्धा शहराला लागणारे पाणी नगरपालिका येळाकेळी आणि पवनारला याच नदीतून उचलते. शहराला चिकटून वाढलेल्या ग्रामपंचायतींच्या नळांना, भूगावच्या पोलाद कारखान्याला आणि कालव्यावरच्या ओलितालाही धामचाच आधार आहे. २०१९च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेले आणि वर्धेकरांच्या नळांना कित्येक दिवसांआड पाणी येऊ लागले, तेव्हा चर्चा झाली ती धरणात किती टक्के साठा उरला याची. त्या साठ्यात पाणी आणि गाळ कुठून येतो, ती जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि तिच्यावर काय करायचे हे ठरवतो कोण, याची चर्चा फारशी झाली नाही. हा विसराळूपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपल्या पाणी-कारभाराची बांधणीच तशी झालेली आहे. धरणाच्या भिंतीखाली कोणाचा काय हक्क हे कायद्याने लिहून ठेवले आहे. भिंतीच्या वर जी माणसे राहतात त्यांना कामे मिळतात, अनुदाने मिळतात, बक्षिसेही मिळतात. हक्क मात्र मिळत नाही. पाणलोटाचे संवर्धन वर्षानुवर्षे सुरू होते आणि बंद पडते याचे मुख्य कारण या असमतोलात आहे. तंत्राची किंवा पैशाची उणीव त्यानंतर येते.

खालची बाजू आधी पाहू. २००५ साली महाराष्ट्राने पाण्याचे दोन महत्त्वाचे कायदे केले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने धरणातल्या पाण्यावरची हक्कदारी ही कल्पना आणली. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या कायद्याने पाणी वापर संस्थांना कायदेशीर अस्तित्व दिले. प्रत्यक्षात या संस्था कितपत चालतात हा वेगळा विषय आहे, आणि उत्तर फारसे उत्साहाचे नाही. तरी लाभक्षेत्रातला शेतकरी निदान कागदावर पाण्याचा हक्कदार आहे, त्याची संस्था मोजून पाणी मागू शकते, कमी मिळाले तर दाद मागू शकते. पिण्याला, शेतीला आणि उद्योगाला कोणत्या क्रमाने पाणी द्यायचे यावर राज्यात मोठा वाद झाला. २००३च्या जलनीतीत उद्योग शेतीच्या पुढे होता, २०११मध्ये शेतीला दुसरे स्थान मिळाले. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर, अप्पर वर्धा धरणाचे पाणी औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून अमरावती जिल्ह्यात आंदोलन झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. हे सगळे भांडण साठलेल्या पाण्याच्या वाटपाचे होते. पाणी साठण्याआधीच्या जमिनीचे कोणी नावही काढले नाही.

वरच्या बाजूला हक्कदार नाहीत, खाती आहेत. बांधबंदिस्ती, सलग समतल चर आणि माती नाला बांध कृषी आणि मृद व जलसंधारण या खात्यांकडे. लहान तलाव आणि बंधारे जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे. विहिरींची पातळी मोजायची भूजल सर्वेक्षण यंत्रणेने. मजुरी द्यायची रोजगार हमीने. ई-क्लासची, म्हणजे गायरानाची, जमीन महसुलाची, तिची राखण ग्रामपंचायतीची. आणि डोंगरमाथ्यावर वनखाते. ‘माथा ते पायथा’ हे पाणलोट विकासाचे सूत्र प्रत्येक शासन निर्णयात असते. पण माथा एका खात्याचा, उतार दुसऱ्याचा आणि पायथा तिसऱ्याचा असल्यामुळे काम बहुधा तिथे होते जिथे त्या वर्षी निधी पडलेला असतो. माथ्यावर चर नाहीत आणि पायथ्याशी नाला खोल केलेला, हे चित्र विदर्भात दुर्मीळ नाही. अशा नाल्यात पहिल्या दोन पावसाळ्यांत पाणी दिसते, नंतर गाळ.

वरच्या बाजूला ‘गाव’ नावाचा एकच एक हितसंबंधी नसतो, आणि बहुतेक योजना घसरतात त्या इथेच. कारंजा, आष्टी आणि आर्वी तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. बागाईतदाराला उन्हाळ्यात बाग जगवायची असते, म्हणून नाल्यात अडलेले पाणी त्याच्या विहिरीत उतरले तर पाणलोट यशस्वी. त्याच्याच शेजारी बरड, मुरमाड वावरात पऱ्हाटी आणि तूर घेणारा कोरडवाहू शेतकरी आहे. त्याच्या दृष्टीने पाण्याहून माती टिकणे मोलाचे, कारण चार इंच माती वाहून गेली तर खाली मुरूमच उरतो. तिसरे आहेत गोपालक. गवळाऊ ही वर्ध्याची स्वतःची गाय. तिच्यासाठी हेटीकुंडीला पशुपैदास क्षेत्र आहे, आणि ती जात पिढ्यान्पिढ्या राखली ती प्रामुख्याने नंदगवळी समाजाने, याच डोंगराळ पट्ट्यातल्या गवताच्या जोरावर. पाणलोटाच्या आराखड्यात ‘चराईबंदी’ हा शब्द सहज लिहिला जातो. त्याची किंमत कोणत्या घरांनी मोजायची हे मात्र लिहिले जात नाही. त्यानंतर येतात भूमिहीन मजूर आणि कोलाम कुटुंबे. चर खोदताना त्यांचे हात लागतात. चरांमुळे वाढलेले पाणी ज्या विहिरीत जाते ती त्यांची नसते. बायकांची गोष्ट आणखी वेगळी: सरपण, चारा आणि पाणी यांची रोजची जुळवाजुळव त्या करतात, पण सातबाऱ्यावर नाव नसल्याने ‘लाभार्थी शेतकरी’ या व्याख्येत बसत नाहीत.

आणि वनखाते. जिल्ह्यातले बोर अभयारण्य १९७० सालचे, २०१४मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. बोर धरणाच्या पाणलोटाचा मोठा भाग त्यामुळे संरक्षणाखाली आला, आणि जंगल टिकले तर खालच्या धरणात गाळ कमी येतो हे उघड आहे. वाघामुळे पाणलोट वाचला, असे म्हणायला हरकत नाही. मात्र जंगलाच्या कडेच्या गावांना त्याबद्दल पिकांचे नुकसान आणि गुरांवरचे हल्ले सोसावे लागतात, आणि धरणाच्या हिशेबात तो खर्च कुठेच दिसत नाही. बोरच्या बाहेर परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे, कारण पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल नावाची जमीन आहे आणि वर्धा त्यांपैकी एक. महसुली दप्तरात झुडूप, व्यवहारात चराई आणि अतिक्रमण, कायद्यात वन की नाही याचा वाद. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्वाळा दिला. सहा जिल्ह्यांत मिळून असे क्षेत्र ८६ हजार हेक्टरांवर आहे. जमीन वाचावी या दृष्टीने निकाल चांगलाच आहे. पण ज्या जमिनीवर ग्रामपंचायतीने काल गवत राखले किंवा चर काढले, तिथे उद्या कोणाच्या परवानगीने काम करायचे, हा प्रश्न प्रत्येक गावाला आता नव्याने सोडवावा लागेल.

याचा अर्थ वरच्या गावांत काहीच झाले नाही असा नाही. उलट, वर्धा जिल्ह्याने पाणलोटाचे प्रयोग इतके पाहिले आहेत की एखाद्या अभ्यासकाला पुरून उरावेत. २००६मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या पॅकेजात वर्धा होता. नंतर आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा प्रकल्प, मग जागतिक बँकेच्या साहाय्याची नानाजी देशमुख कृषी संजीवनी. बजाज उद्योगसमूहाशी निगडित प्रतिष्ठान जिल्ह्यात नदी-नाल्यांच्या पुनरुज्जीवनाचे काम करते, धरामित्रसारख्या संस्थेने शेती आणि मातीच्या अंगाने काम केले. २०१७मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या कोलामांच्या छोट्या गावाने राज्यात पहिला क्रमांक पटकावला आणि ५० लाखांचे बक्षीस जिंकले. मोठमोठी गावे मागे टाकून लहानशा आदिवासी वस्तीने हे केले. लोकांना पाणलोट कळत नाही, त्यांना शिकवावे लागते, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी काकडदऱ्याची नोंद घ्यावी. मात्र स्पर्धा ४५ दिवसांची असते आणि पाणलोट कायमचा. स्पर्धा काम मोजते. चरांची डागडुजी सातव्या वर्षी कोण करील आणि त्याला त्याबद्दल काय मिळेल, हे ठरवणे स्पर्धेच्या आवाक्यात नाही.

जलयुक्त शिवार अभियानाने हाच प्रश्न राज्याच्या पातळीवर उभा केला. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेले हे अभियान दरवर्षी ५ हजार गावे आणि २०१९पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र असे लक्ष्य घेऊन निघाले. नाला खोलीकरणाच्या अवैज्ञानिक कामांबद्दल अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी जनहित याचिका केली, त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२०मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात महालेखापालांनी सांगितले, की ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च होऊनही गावांची पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा प्रभाव अल्प राहिला. त्यावरून राजकारण झाले, चौकशी झाली, पुढे ‘जलयुक्त २.०’ आले. यंत्रे, ठेकेदार आणि खोटी बिले यांवर बोलणे सोपे असते. पण उद्या प्रत्येक बिल खरे निघाले, तरी पाणी अडल्यावर ते कोणी किती उपसायचे याचा नियम नसेल, तर अडवलेले पाणी ज्याच्याकडे जास्त खोल विहीर आणि जास्त ताकदीचा पंप आहे त्याच्याकडेच जाते. सार्वजनिक पैशाने भरलेला भूजलसाठा खाजगी उपशाने रिकामा होतो, आणि मार्चमध्ये गाव पुन्हा टँकरची मागणी करते.

टिकाऊ काम जिथे झाले तिथे काय वेगळे होते? हरियाणातल्या सुखोमाजरीचे उदाहरण इथे फार जवळचे आहे, कारण ते वरच्या गावाचे आणि खालच्या शहराचे आहे. चंडीगडचा सुखना तलाव १९७०च्या दशकात गाळाने भरत चालला होता. मृदसंधारण संशोधक पी. आर. मिश्रा यांनी गाळाचा माग काढला तो वरच्या टेकड्यांवरच्या चराईपर्यंत जाऊन पोहोचला. टेकड्यांना कुंपण घालून गावाला बाहेर ठेवणे हा नेहमीचा मार्ग होता. त्याऐवजी तिथे छोटे बांध घालून पाणी गावाला दिले, आणि निर्णायक गोष्ट अशी की पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबावर ठरवला. भूमिहीनालाही वाटा मिळाला, तो विकण्याची मुभा मिळाली, गवताच्या उत्पन्नात गावाचा हिस्सा आला. त्यानंतर टेकड्यांची राखण करायला पहारेकरी लागले नाहीत. महाराष्ट्रात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायतीचे काम उभे केले, त्याचे सूत्रही हेच: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी मिळेल, भूमिहीनालाही मिळेल, आणि उसाला मिळणार नाही. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. तिन्ही ठिकाणी नेतृत्व, भूगोल, जात-रचना निराळी. समान धागा एवढाच की संवर्धनाची झीज ज्यांनी सोसायची, त्यांना फळातही निश्चित, आधी ठरलेला वाटा होता, आणि उपशाचे नियम त्यांनी स्वतः केले होते. सामायिक संसाधने टिकवणाऱ्या समाजांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हेच मांडले आणि २००९मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वर्ध्याला हे दूरचे वाटू नये. मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेचा विचार याच शहरात रुजवला होता. ग्रामोद्योगाचे प्रदर्शन पाहायला आपण तिथे जातो, विचार मात्र प्रदर्शनातच राहतो.

यावर पहिला आक्षेप असा: वरच्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी वाढते, माती टिकते, म्हणजे त्याला फायदा मिळतोच, खालच्यांनी वेगळे देणे का लागावे? बांधबंदिस्तीबाबत हे बरोबर आहे, स्वतःच्या धुऱ्यासाठी शहराकडे पैसे मागण्यात अर्थ नाही. पण ई-क्लासवरचे गवत राखणे, झुडपी जंगलात चराई आवरणे, तीव्र उतारावर नांगर न घालणे, बागेऐवजी कमी पाण्याचे पीक घेणे, या गोष्टींचा तोटा करणाऱ्याला होतो आणि नफा मैलोगणती खाली असलेल्या नळाला होतो. तिथे मोबदला मागणे न्याय्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि पाणलोटाचे उत्साही कार्यकर्ते तो बहुधा टाळतात. वर पाणी अडवले तर खालच्या धरणात येणार काय? चार्ल्स बॅचलर, रामामोहन राव आणि मनोहर राव यांनी २००३मध्ये कर्नाटक आणि आंध्रच्या अनुभवावरून दाखवले, की वर बंधारे आणि विहिरी दाट झाल्या की खालच्या जुन्या तलावांचा येवा घटतो. पाणलोट विकास हा टंचाईवर उपाय आहे की टंचाईचाच भाग, असा प्रश्न त्यांनी सरळ विचारला. वर्ध्यात पाऊस हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो, कर्नाटकच्या कोरड्या पट्ट्याच्या मानाने पुष्कळ, त्यामुळे चांगल्या वर्षी दोघांनाही पुरते. वाईट वर्षी पुरत नाही. शिवाय चर आणि गवत यांचे काम वेगळे आणि नाल्यातल्या ओळीने घातलेल्या बंधाऱ्यांचे वेगळे. पहिले माती धरते आणि पाणी मुरवून सावकाश सोडते; दुसरे थेट साठवते आणि बहुधा उपशासाठीच असते. किती साठवण वर असावी आणि किती येवा खाली सोडावा, ही संख्या कोणीतरी सगळ्यांसमोर ठरवायची असते. आज ती ठरत नाही. वरची गावे योजनेनुसार बंधारे मागतात, खाली जलसंपदा विभाग टक्केवारी जाहीर करतो. वरच्या-खालच्यांनी एकत्र बसण्याचे यापेक्षा सबळ कारण दुसरे नसेल.

तिसरा आक्षेप समित्यांना विटलेल्या माणसाचा. प्रत्येक योजना गावात एक समिती जन्माला घालते: वन समिती, पाणीपुरवठा समिती, पाणलोट समिती, कृषी संजीवनी समिती. माणसे तीच, सह्या त्याच. हा कंटाळा रास्त आहे. या समित्या मरतात त्याचे कारण त्यांना वाटायला काही नसते, फक्त मंजूर कामाला संमती द्यायची असते. कायद्यात जागा नाही असेही नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९चा. तो २०१४मध्ये लागू झाला. त्यात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे, एकात्मिक आराखड्याची आहे, पीक नियोजनाचीही आहे. पण समिती येते ती क्षेत्र अधिसूचित झाल्यावर, म्हणजे भूजल खंगल्यावर. निरोगी पाणलोटाला आजारी पडेपर्यंत कायद्याचा दवाखाना उघडत नाही. राज्याचे दीड हजारांवर पाणलोट भूजल यंत्रणेने केव्हाच आखून ठेवले आहेत. धामसारख्या एका खोऱ्यात संकट येण्याआधी अशी समिती नेमून पाहायला वेगळे संशोधन लागत नाही.

राहिला पैसा. नगरपालिका गरीब आहे, ती काय देणार? हिमाचलात पालमपूर नगरपरिषदेने बोहल झऱ्याचे जंगल राखणाऱ्या गावांच्या संस्थेला वर्षाला १० हजार रुपये द्यायचा करार केला. रक्कम हास्यास्पद वाटावी इतकी छोटी, पण शहर वरच्या गावाचे देणे लागते हे तिने लेखी मान्य केले. न्यूयॉर्कचा १९९७चा कॅट्स्किल करार याच्या दुसऱ्या टोकाला आहे: अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प टाळण्यासाठी शहराने डोंगरातल्या शेतकऱ्यांवर खर्च केला. त्यातला आपल्या कामाचा भाग त्याआधीचा आहे. शहराने प्रथम नुसते निर्बंध लादायचे ठरवले तेव्हा शेतकरी खवळले. शेतकऱ्यांच्या हाती कारभार असलेली परिषद स्थापन झाल्यावरच काम पुढे सरकले. वर्ध्यात कारखाना धामचे पाणी विकत घेतो, नगरपालिका घेते. घाऊक पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा पाणलोटासाठी राखून ठेवणे हा हिशेबाचा प्रश्न आहे. कारखान्याचा सामाजिक दायित्व निधी त्याला पर्याय ठरत नाही, कारण तो कोणत्या गावात खर्च करायचा हे कंपनी ठरवते आणि पुढच्या वर्षी थांबवूही शकते. पैसा अजिबात नाही असेही म्हणवत नाही. जुलै २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धरण आणि वितरण प्रणालीच्या दुरुस्तीसाठी बोर प्रकल्पाला २३१ कोटींहून अधिक आणि धाम प्रकल्पाला १९७ कोटींहून अधिक रुपयांना मान्यता दिली. कालवे गळतात, त्यांची दुरुस्ती हवीच. पण त्याच धरणांच्या पाणलोटासाठी त्या मान्यतेसोबत काही राखीव असावे, असे कोणाला सुचले नाही; सुचवणारा त्या टेबलावर नव्हता.

तसे एक टेबल घटनेने दिलेले आहे. ७४व्या घटनादुरुस्तीतल्या कलम २४३-झेडडीनुसार जिल्हा नियोजन समितीने आराखडा करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी विचारात घ्यायच्या असतात, आणि पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी ही त्यांत नावाने लिहिलेली आहे. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याने ही समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चालते, आणि तिथे बहुतांश वेळ आमदार-सदस्यांच्या रस्त्यांच्या व सभागृहांच्या कामांची यादी मंजूर करण्यात जातो. वर्धा नदीचा प्रश्न एका जिल्ह्याच्या हाती नाही, ती मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातून येते. धामचे तसे नाही. तिची वरची गावे आणि खालचे शहर एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या, एकाच नियोजन समितीच्या अखत्यारीत आहेत. पवनार आणि येळाकेळीला पाणी उचलणारे, महाकाळीच्या वर गुरे राखणारे, संत्र्याला पाणी देणारे आणि वनखाते यांना या समितीने एका उपसमितीत बसवले, तर पहिल्या बैठकीला तीनच विषय पुरतील: वाईट वर्षी खाली किती येवा सोडायचा, ई-क्लास आणि झुडपीवरच्या गवतावर कोणाचा हक्क, आणि घाऊक पाणीपट्टीतला वाटा किती. तिन्हींवर भांडण होईल. आज ते होत नाही, कारण भांडणारे एका खोलीत कधी येतच नाहीत.